भाचीला आणा, पण ठरवून आणा

सोयाबीन निघाले, दिवाळी झाली, की आपल्या वस्त्यांमधून गावाकडे फोन सुरू होतात. "एखादी पोरगी असली तर पाठव. पेठेत चांगलं घर आहे. एकटी म्हातारी आहे, काम काही फार नाही. राहणं-खाणं तिथंच." मग लातूर, बीड, नांदेड, हिंगोलीकडून एखादी भाची, पुतणी, नवऱ्याने टाकलेली चुलत बहीण नाहीतर विधवा भावजय एसटीत बसते. वाकडेवाडीच्या स्टँडवर उतरते, एक रात्र आपल्या दहा बाय दहाच्या खोलीत काढते आणि दुसऱ्या दिवशी शनिवार पेठेतल्या एखाद्या तिसऱ्या मजल्यावर "चोवीस तासांची बाई" होते.

दुसरीही एक वाट आहे. सासूला लकवा मारला, सून चार घरची कामे करते, काम सोडले तर चूल बंद. मग नणंदेची मुलगी नाहीतर धाकटी बहीण आपल्याच घरी आणली जाते. "आजीजवळ बस, तेवढंच." तेवढेचचे वर्ष होते, वर्षाची दोन वर्षे होतात, आणि पोरीचे दहावीचे पुस्तक गावाकडे फडताळातच राहते.

मी जीएनएमचा डिप्लोमा करून बरीच वर्षे वॉर्डात नोकरी केली, आता वस्त्यांमध्ये आरोग्याचे काम करते. या मुली मला पेठांत आजारी माणसांच्या उशाशी भेटतात आणि विहारात रविवारी भेटत नाहीत, कारण त्यांना रविवार नसतो. माझे मत सरळ आहे. नात्यातल्या बाईला पुण्यात कामाला आणण्यात वाईट काही नाही. आपण सगळे असेच कुणाचा तरी हात धरून शहरात आलो. पण आजाऱ्याची सेवा हे काम आहे. काम म्हटले की पगार आला, झोप आली, सुट्टी आली, शिक्षण आले. नाते आहे म्हणून यातले एकही कमी करता येणार नाही.

पेठेला नात्यातलीच बाई का हवी?

शनिवार पेठेत ओंकारेश्वरापासून रमणबागेपर्यंत, मेहुणपुऱ्याच्या बोळांत फिरून बघा. जुने वाडे पाडून इमारती झाल्या, काही वाडे अजून लाकडी जिन्यावर तग धरून आहेत. बऱ्याच घरांत ऐंशीच्या पुढची दोनच माणसे, नाहीतर एकच. मुले बाणेरला, नाहीतर अमेरिकेत, जर्मनीत. म्हातारी बाथरूममध्ये घसरते, खुब्याचे हाड मोडते, ऑपरेशन होते आणि काही दिवसांत दवाखाना घरी पाठवतो. पुढचे सहा महिने उठवणे, बसवणे, पुसणे, भरवणे कोण करणार? मुलगा पंधरा दिवसांची रजा काढून येतो आणि जाण्याआधी भांडीवाल्या मावशींना विचारतो, "तुमच्या नात्यात कोणी आहे का?"

नात्यातलीच का? विश्वासाची म्हणून. पण या विश्वासाचा अर्थ नीट समजून घ्या. कपाटातले काही हरवले तर मावशीला धरता येते. पोरगी काम सोडून गेली तर मावशीचे काम जाऊ शकते. म्हणजे त्या घरासाठी नाते हा जामीन असतो. ब्युरोची बाई न पटल्यास ब्युरोला फोन करून बदली बाई मागते. भाचीला तसा फोन करायला कोणी नाही. ती म्हातारीची बोलणी खाते, मालकाची नजर सोसते, पण बोलत नाही, कारण "मावशीचं नाव खराब होईल." गावाकडे आईला सांगत नाही, कारण मावशी आईची बहीण. ज्या नात्याने तिला सांभाळायचे तेच तिचे तोंड बंद करते.

आणि आपलेही काही चुकते, ते आपल्याच मासिकात बोलले पाहिजे. काही ठिकाणी पगार मावशीच्या हातात येतो. मावशी "गाडीभाडं, सुरुवातीचं खाणं, मोबाईल" म्हणून कापून घेते, उरलेले गावाकडे भावाला पाठवते, आणि जिने रात्री उठून डायपर बदलले तिला हिशोबही कळत नाही. कुठे भावाने लग्नाच्या नावाखाली उचल घेतलेली असते आणि बहीण ती फेडते. ऊसतोडीची उचल आपल्याला जुलूम वाटते. मग पेठेतली उचल नात्याची म्हणून गोड कशी?

चोवीस तासांचा हिशोब

एकदा कागदावर मांडून बघू. समजा, भाचीला महिन्याला १६,००० रुपये ठरले. ऐकायला बरे वाटतात, गावाकडे तर फारच. तीस दिवस, रोज चोवीस तास, म्हणजे ७२० तास. तासाला २२ रुपये पडले. तुम्ही म्हणाल, ती झोपते, टीव्ही बघते, ते तास कसे धरायचे? वॉर्डात रात्रपाळीची नर्स पेशंट झोपलेला असताना खुर्चीत बसलेली असते, तेव्हा तिचा पगार थांबतो का? थांबत नाही, कारण ती हाकेला बांधलेली असते. या पोरीही हाकेलाच बांधलेल्या असतात. फरक एवढाच, की नर्सची पाळी सकाळी संपते.

बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर मंत्री होते. त्यांनी मांडलेल्या विधेयकातून १९४६ साली कारखान्यांचा कायदा दुरुस्त झाला आणि बारमाही कारखान्यांत आठवड्याचे ५४ तास ४८ वर आले. आठ तासांचा दिवस ही आपल्या घराघरात अभिमानाने सांगितली जाणारी गोष्ट आहे. पण तो दिवस कारखान्याच्या फाटकापाशी थांबला, घराच्या उंबऱ्याच्या आत आला नाही. तो आत आणण्याची सुरुवात आपल्याला आपल्या मुलींपासून करता येते.

सेवा आणि नोकरी

काही जण म्हणतात, "आजाऱ्याची सेवा पैशात मोजायची नसते." हे वाक्य या पेठांमध्ये फार जुने आहे. पूर्वीच्या मोठ्या वाड्यांत एक विधवा आत्या नाहीतर मावशी आश्रयाला असे. केस काढलेली, लाल आलवणातली. बाळंतिणीचे करायची, आजाऱ्याच्या उशाशी बसायची, सगळ्यांच्या मागून जेवायची. तिच्या कामाला कोणी काम म्हटले नाही, कारण ती नात्यातली होती. जातीने ती उच्च होती, पण त्या घरात तिची किंमत दोन वेळचे जेवण एवढीच होती.

मग १९०९ साली रमाबाई रानडे यांनी पुण्यात सेवासदन उभे केले. तिथल्या बायका परिचर्येचे शिक्षण घेऊ लागल्या. उशाशी बसून आजाऱ्याचे करणे तेच राहिले, पण आता त्याला शिक्षण होते, गणवेश होता, पगार होता. आत्याबाईची नर्स झाली. कामाला प्रतिष्ठा आली ती "सेवा" म्हटल्याने आली नाही. ती शिकवल्याने आणि मोबदला दिल्याने आली. माझ्या डिप्लोम्याच्या मागे हाच इतिहास आहे, म्हणून मला त्याची जाण ठेवावी लागते.

आपल्या धम्मात तर हे अधिक स्पष्ट आहे. सिगालोवाद सुत्तात बुद्धांनी मालकाची पाच कर्तव्ये सांगितली आहेत: अंगात ताकद असेल तेवढेच काम द्यावे, अन्न आणि वेतन द्यावे, आजारपणात काळजी घ्यावी, घरात गोडधोड झाले तर वाटा द्यावा, वेळोवेळी सुट्टी द्यावी. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये गृहस्थाच्या नियमांत मालक-नोकराचा हा धडा घेतला आहे. अडीच हजार वर्षांपूर्वी सुट्टीचा उल्लेख आहे. आणि आपण भाचीला म्हणतो, "सुट्टी कशाला, घरीच तर आहेस."

सेवा करणारीच्या शरीराचे काय?

हे आरोग्याचे पान आहे, म्हणून थोडे शरीराबद्दल. पेशंटची काळजी सगळे विचारतात, पेशंटचे करणारीची कोणी विचारत नाही.

पहिली गोष्ट झोप. खाटेला खिळलेल्या माणसाला दर दोन तासांनी कुशीवर वळवावे लागते, नाहीतर पाठीला, ढुंगणाला, टाचेला जखमा होतात. म्हणजे रात्रीतून चार वेळा उठणे आले. एक-दोन रात्री निभते. महिनोन्‌महिने असे झाले की चक्कर, चिडचिड, रडू येणे, पाळी पुढे-मागे होणे सुरू होते. झोप नसलेली बाई औषधाच्या गोळ्यांत चूक करू शकते, म्हणजे पेशंटलाही धोका. म्हणून रात्री सलग सहा तास झोप मिळत नसेल, तर रात्रीसाठी वेगळे माणूस हवे, नाहीतर दिवसा चार तास कोणी हाक मारणार नाही अशी झोप हवी. हे आधी ठरवा.

दुसरी गोष्ट पाठ. साठ-सत्तर किलोचा माणूस एकटीने काखेत हात घालून उचलायचा नाही. पेशंटच्या अंगाखाली आडवी चादर दुमडून ठेवावी आणि दोघींनी दोन बाजूंनी धरून सरकवावे. उचलताना कंबरेत वाकू नये, गुडघे वाकवावेत, पेशंटला अंगाजवळ धरावे. दुसरे माणूस नसेल तर शेजारच्याला किंवा वॉचमनला हाक मारायची, आणि हे घरच्यांनी पहिल्या दिवशीच मान्य करायचे. विशीत मणका दुखावला तर पुढे शेतात वाकता येत नाही.

तिसरी गोष्ट संसर्ग. मलमूत्र, थुंकी, जखम हाताळताना हातमोजे घरच्यांनी द्यायचे. ब गटाच्या काविळीची लस तीन डोसची असते: पहिला, एक महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. कामावर ठेवतानाच ती सुरू करावी. इन्सुलिनची सुई वापरल्यावर टोपण परत बसवू नका, जाड प्लास्टिकच्या डब्यात टाका. सुई टोचलीच तर जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा आणि लगेच ससूनसारख्या सरकारी रुग्णालयात जा. एचआयव्ही टाळण्याचे औषध ७२ तासांच्या आत सुरू व्हावे लागते, आणि जितके लवकर तितके चांगले. पेशंटला किंवा तुम्हाला दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकीची तपासणी सरकारी आणि महापालिकेच्या दवाखान्यांत मोफत होते.

चौथी गोष्ट, बोलायला लाज वाटते पण बोललेच पाहिजे, संडास. घरातले संडास-बाथरूम वापरू देत नाहीत, खाली जिन्याजवळचे वापरायला सांगतात. पेशंटला सोडून तीन मजले उतरता येत नाही, म्हणून पोरी पाणी कमी पितात. मग लघवीला जळजळ, ताप, ओटीपोटात दुखणे. जिच्या हाताने तुमच्या आईला अंघोळ घालायची, तिने त्याच बाथरूममध्ये जायचे नाही, हा कोणत्या शास्त्रातला नियम?

पाचवी गोष्ट, काय करायचे नाही. नाकातली नळी घालणे, लघवीची नळी बदलणे, शिरेत इंजेक्शन देणे ही प्रशिक्षित नर्सची कामे आहेत. "तू बघून शिकली आहेस, कर" असे कोणी म्हटले तर नाही म्हणा. भरवताना पेशंटला बसते करा, नंतर अर्धा तास आडवे करू नका, ठसका लागला तर थांबा. एवढे शिकवायला एखादी नर्स दोन दुपारी पुरेशी आहे. पण न शिकवता पोरीला पेशंटपुढे उभे करणे हा दोघींवर अन्याय आहे.

आडनाव विचारले जाते तेव्हा

पेठेत काम मिळताना आडनाव विचारले जाते, हे तुम्हाला मी सांगायला नको. २०१७ साली याच पुण्यात हवामान खात्यातल्या एका अधिकारी बाईंनी, स्वयंपाक करणाऱ्या बाईने जात लपवली म्हणून पोलिसांत तक्रार दिली होती. महाराष्ट्रभर संताप झाला. पण त्यातून एक गोष्ट कळली: आडनाव बदलून कामाला लागणाऱ्या बायका आहेत, आणि त्या रोज भीतीत जगतात. भाचीला खोटे आडनाव सांगायला शिकवू नका. गळ्यातले बाबासाहेबांचे लॉकेट काढून ठेवावे लागेल अशा घरात तिला चोवीस तास ठेवण्यापेक्षा दुसरे घर शोधलेले बरे. चांगली घरेही आहेत. आजीबरोबर एका ताटात जेवणाऱ्या पोरी मी पाहिल्या आहेत.

कायद्याची अडचणही माहीत असू द्या. अॅट्रॉसिटीच्या कायद्यात जातीवरून अपमान हा लोकांच्या नजरेसमोर झालेला असावा लागतो. चार भिंतींच्या आत, बाहेरचे कोणी नसताना झालेला अपमान त्यात बसत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सांगितले. आता जी बाई चार भिंतींच्या बाहेर पडतच नाही, तिने साक्षीदार कुठून आणायचा? म्हणूनच आठवड्याची सुट्टी आणि स्वतःचा फोन ही चैन नाही, ते तिचे संरक्षण आहे.

लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात घर हे कामाचे ठिकाण मानले आहे. घरकामगार बाई जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तीन महिन्यांच्या आत तक्रार करू शकते. पण याच कायद्यात एक ओळ आहे: मालकाच्या कुटुंबातील व्यक्ती घरकामगार धरली जात नाही. म्हणजे भाची पेठेत कामाला असेल तर कायदा तिला ओळखतो, आणि आपल्याच घरी सासूचे करायला आणली असेल तर तिला कामगार म्हणून दाद मागण्याची वाट अडते. पोलिसांत जाता येते, पण नात्यातल्या किती मुली काकाविरुद्ध पोलिसांत जातात? जिथे कायदा पोहोचत नाही, तिथे आपल्याला डोळे उघडे ठेवावे लागतात. एका खोलीत सात माणसांत तिला कुठे झोपवता, याचा विचार आणण्याआधी करा.

अठराच्या आतली नाही

यावर माझी कसलीही तडजोड नाही. १४ वर्षांखालच्या मुलांना घरकामाला ठेवण्यास १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे. २०१६ च्या दुरुस्तीनंतर १४ खालच्या कोणत्याही नोकरीला बंदी आहे. शिक्षा सहा महिने ते दोन वर्षे कैद किंवा २०,००० ते ५०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. घरच्यांना मदत करण्याची मुभा आहे, आणि त्या "घरच्यां"त मामा, मावशी, काका, आत्या येतात. पण ती मुभा फक्त शाळा सुटल्यावर आणि सुट्टीत. शाळा सोडवून लकवा झालेल्या आजीजवळ बसवणे त्यात बसत नाही. चौदा ते अठराच्या मुलीला राबवून तिची कमाई अडकवली तर बाल न्याय कायद्याखाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

पण कैदेच्या भीतीने हे थांबावे असे मला वाटत नाही. सावित्रीमाईंनी शेणगोळे झेलून जी शाळा इथून हाकेच्या अंतरावर, भिडे वाड्यात सुरू केली, त्याच रस्त्याने आपली पंधरा वर्षांची भाची दुसऱ्याच्या म्हातारीची औषधे आणायला जाते आणि अहिल्यादेवी शाळेच्या मुली तिच्या शेजारून दप्तर घेऊन जातात. हे आपल्याला टोचले पाहिजे.

परदेशातून बोलावणे आले तर

आता हेच बोलावणे सातासमुद्रापलीकडूनही येते. "दुबईत एका घरी आजी सांभाळायची, पगार तिप्पट." लक्षात ठेवा, आखाती देशांसारख्या, जिथे सरकारची परवानगी लागते अशा देशांत, घरकामासाठी जाणाऱ्या बाईचे वय किमान ३० हवे, असा आपल्या सरकारचा नियम आहे. पर्यटनाच्या व्हिसावर पाठवतो म्हणणारा एजंट तुम्हाला फसवतो आहे, मग तो नात्यातला असो की समाजातला.

डिसेंबर २०१३ मध्ये न्यूयॉर्कला देवयानी खोब्रागडे यांना अटक झाली, तेव्हा त्यांच्या झडतीची जी विटंबना झाली त्याबद्दल आपल्या समाजात संताप होता, आणि तो योग्य होता. आरोप असा होता, की भारतातून नेलेल्या घरकामगार बाईच्या व्हिसाच्या कागदावर तासाला पावणेदहा डॉलर पगार लिहिला आणि प्रत्यक्षात ठरला त्याहून पुष्कळ कमी. खोब्रागडे यांनी आरोप नाकारले, त्या राजनैतिक संरक्षणावर भारतात परतल्या, आरोपांचा निकाल कोर्टात कधी लागलाच नाही. कोण खरे, हे मी ठरवणार नाही. पण त्या वेळी आपल्या सभांत त्या घरात काम करणाऱ्या बाईबद्दल किती बोलले गेले? आपली माणसे आता मालकाच्या खुर्चीतही बसतात. पुण्यात, मुंबईत, परदेशात आपल्या घरीही चोवीस तासांची बाई असते. तिच्याशी कसे वागतो, यावर आपली चळवळ किती खरी हे कळेल.

"आम्ही गरीब, पगार कुठून द्यायचा?"

हा प्रश्न मला दर बैठकीत येतो, आणि तो खरा आहे. स्वतः महिन्याला दहा हजार कमावणारी सून भाचीला पंधरा हजार कसे देणार? नाही देता येणार. पण मग चार गोष्टी करता येतात. पहिली, मुदत ठरवा: तीन महिने, त्यापुढे दुसरी सोय. दुसरी, भार वाटून घ्या. म्हातारीला चार मुले असतील तर चौघांनी दरमहा पैसे काढावेत किंवा पाळी लावावी. सेवा सुनेची आणि भाचीची, आणि वाटणी मात्र मुलांची, हे बंद करा. तिसरी, जमेल ती रक्कम, हजार असो की दोन हजार, भाचीच्या स्वतःच्या बँक खात्यात टाका. चौथी, ती शहरात आहे तोवर तिला काहीतरी शिकवा: बाहेरून बारावी, नाहीतर रुग्णसेवेचा कोर्स. रिकाम्या हाताने तिला परत पाठवू नका.

आणण्याआधी हे कागदावर लिहा

वहीचे एक पान पुरे. मराठीत लिहा, दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या, तिसरी सही बाहेरच्या माणसाची. एक प्रत मुलीजवळ.

१. वय १८ पूर्ण. आधार कार्ड पाहून.
२. पगार किती, कोणत्या तारखेला. पैसे तिच्याच खात्यात. मावशीच्या नाही, भावाच्या नाही.
३. उचल नाही. गाडीभाडे कामावर ठेवणाऱ्याने द्यायचे.
४. आठवड्याला पूर्ण दिवस सुट्टी. त्या दिवशी बदली माणूस कोण, त्याचे नाव.
५. रात्रीची झोप किती तास, दिवसाची किती. झोपायला स्वतंत्र, आतून कडी लागणारी जागा.
६. कोणती कामे तिची, कोणती नाहीत. आजीचे करणे ठरले असेल तर पाहुण्यांचा स्वयंपाक त्यात नाही.
७. जेवण घरचे तेच. संडास-बाथरूम घरातलेच.
८. आजारी पडली तर औषधपाणी कोणाचे. खाडा धरायचा नाही.
९. आधार कार्ड, फोन, एटीएम कार्ड तिच्याजवळच राहील.
१०. काम सोडायचे किंवा बंद करायचे तर किती दिवस आधी सांगायचे. पेशंट वारला तर किती दिवसांचा पगार.

दहावा मुद्दा विसरू नका. पेशंट वारतो त्या दिवशी घरात रडारड असते, तिसऱ्या दिवशी पोरगी पिशवी घेऊन वस्तीत परत येते, आणि राहिलेल्या पगाराबद्दल बोलणे तिला शोभत नाही असे सगळ्यांना वाटते.

महाराष्ट्रात २००८ सालापासून घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा आहे. १८ ते ६० वयाच्या घरकामगार बाईने जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात नाव नोंदवावे. ई-श्रम कार्डही काढावे. मंडळाकडून मिळते ते फार थोडे, हे खरे. पण नोंद झाली की ती "कोणाची तरी भाची" राहत नाही, कामगार म्हणून सरकारी कागदावर येते. नोंदच नसेल तर उद्या हक्क मागायचा कशावर? १९८० साली पुण्यातल्या मोलकरणींनी काम बंद करून पगारवाढ आणि रजा मागितली, त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. त्यांनी मिळवले ते बहुतेक वरकाम करणाऱ्या बायकांसाठी. चोवीस तासांच्या बायका एकमेकींना भेटतच नाहीत, म्हणून त्यांची संघटना होत नाही. जगाच्या कामगार संघटनेने १६ जून २०११ ला घरकामगारांसाठी करार केला, भारताने बाजूने मत दिले, पण अजून तो लागू केलेला नाही. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घरकामगारांसाठी कायद्याचा विचार करा, असे केंद्राला सांगितले. कायदा येईल तेव्हा येईल.

तोवर विहारातल्या महिला मंडळांनी तीन कामे हातात घ्यावीत. वस्तीतून कोणकोणत्या मुली पेठांत चोवीस तास राहतात, त्यांची यादी करा. महिन्यातून एकदा दोघींनी जाऊन दारात उभे राहा, "सहज भेटायला आलो" म्हणा, आणि पोरीशी एकटीशी पाच मिनिटे बोला. जे घर भेटू देत नाही, तिथे काहीतरी गडबड आहे असे समजा. आणि तिसरे, वस्तीत ज्या नर्स, आशाताई आहेत त्यांना बोलावून नव्या मुलींना दोन दिवसांचे शिक्षण द्या: वळवायचे कसे, भरवायचे कसे, हात धुवायचे कसे, नाही म्हणायचे कसे. मुलगी संकटात असेल तर ११२, महिलेसाठी १८१, अठराखालच्या मुलीसाठी १०९८ हे नंबर तिच्या फोनमध्ये घालून द्या.

दिवाळीनंतर गावाकडे फोन कराल तेव्हा "काम काही फार नाही" असे सांगू नका. काम पुष्कळ आहे, पगार एवढा आहे, सुट्टी अमुक वारी आहे, आणि नाही पटले तर परत यायला मावशीचे घर उघडे आहे, असे सांगा. त्यावरही ती यायला तयार झाली, तर तिला जरूर आणा.

जय भीम.